मंत्री कोणाचा?

गेल्या महिन्यात नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मला बोलावलं होतं. राज्यसेवेची तयारी करणारी पंचवीस-तीस मुलं-मुली, विषय मंत्रिमंडळाचं कामकाज. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. बहुतेक चिठ्ठ्यांना मला दोन-दोन मिनिटांत उत्तर देता आलं. एक चिठ्ठी मात्र मी खिशात घालून घरी आणली. एका मुलीने लिहिलं होतं: ‘राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो आणि ती मर्जी म्हणजे मुख्यमंत्र्यांचा सल्ला. मग मुख्यमंत्री कधी मंत्र्यांना चुटकीसरशी घरी पाठवतात आणि कधी एका मंत्र्यापुढे महिनोन्‌महिने गप्प बसतात, असं का? ब्रिटन, जर्मनी, जपानमध्येही असंच असतं का? सगळ्यांत ताकदवान कोण?’

बेटा, तुझ्या प्रश्नाला पाच मिनिटं पुरली नसती, म्हणून हे लिहितोय. मी मंत्रालयात चौतीस वर्षं काढली. त्यातली सात-आठ मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या कागदांच्या राबत्यात गेली. मूळचा इथलाच. त्यामुळे हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईचे सहकारी थंडीला शिव्या घालत ‘१६० गाळे’ नावाच्या सरकारी निवासात बॅगा टाकायचे आणि मी रात्री घरी आईच्या हातचं जेवायला जायचो. म्हणजे मी जे सांगतो ते थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं नस्तीतलं, म्हणजे सरकारी फाइलीतलं.

एका तारखेपासून सुरुवात करतो. १६ डिसेंबर २०२४, सोमवार. त्या दिवशी आपल्या विधान भवनात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. आदल्या दिवशी, रविवारी, इथल्याच राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला होता. मंत्री होते, पण खाती नव्हती. खातेवाटप जाहीर झालं ते २१ डिसेंबरला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आठवडाभर सगळं सभागृह बिनखात्याच्या मंत्र्यांवर चाललं.

त्याच सोमवारी बर्लिनमध्ये जर्मनीचे सरकारप्रमुख, चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला आणि ते हरले. बाजूने २०७, विरोधात ३९४. कारण? सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी आपल्या अर्थमंत्र्याला काढलं होतं.

आणि त्याच सोमवारी कॅनडात, ओटावात, अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला. संसदेत आर्थिक निवेदन मांडायला काही तास उरले असताना. शुक्रवारी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी त्यांना सांगितलं होतं की अर्थखातं तुमच्याकडे ठेवणार नाही, दुसरं देतो. तीन आठवड्यांनी, ६ जानेवारी २०२५ ला, ट्रुडो यांनाच पद सोडणार असल्याचं जाहीर करावं लागलं.

तिन्हीकडे कायद्याने अधिकार प्रमुखाकडेच होता. नेमायचा त्याला, काढायचा त्याला, खातं द्यायचं त्याला. तरी एकाला सहा दिवस खाती वाटता आली नाहीत आणि दोघांना मंत्र्याला हात लावल्याची किंमत सरकारने किंवा खुर्चीने चुकवावी लागली. म्हणून कलमांकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लाव: हा मंत्री कोणाचा? सही राज्यपालांची, शिफारस मुख्यमंत्र्यांची, हे झालं कागदावरचं. पण त्याचं नाव त्या यादीत घातलं कोणी?

कलमं तुला पाठ असतील, तरी पटकन. केंद्रात ७४ ते ७८, राज्यात १६३ ते १६७. मंत्र्यांची नेमणूक प्रमुखाच्या सल्ल्याने, मर्जी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची, जबाबदारी सामूहिक आणि ती लोकसभेला किंवा विधानसभेला. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या २८८ वर हिशेब केला तर मुख्यमंत्री धरून ४३. राज्यात किमान १२ असंही तिथेच म्हटलंय, तरी २०२२ मध्ये ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोन जणांचं होतं.

या सगळ्यात मुख्यमंत्री मंत्र्यांवर ताबा कसा ठेवतो, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते कलम १६६(३) खाली केलेल्या कार्यनियमावलीत आहे आणि ती कोणी परीक्षेसाठी वाचत नाही. वाच. रुक्ष आहे, पण सत्ता तिथे राहते.

मंत्रिमंडळापुढे विषय जातो कसा? खातं टिपणी तयार करतं. ती वित्त, नियोजन, विधी व न्याय, गरजेप्रमाणे सामान्य प्रशासन, अशी अभिप्रायांसाठी फिरते. खात्याचा मंत्री सही करतो. मग मुख्य सचिवांमार्फत मुख्यमंत्र्यांकडे जाते आणि ‘मंत्रिमंडळापुढे ठेवावे’ असं तिथून आलं तरच कार्यसूचीवर चढते. या एका वाक्याला माझ्या लेखी बडतर्फीच्या अधिकारापेक्षा जास्त वजन आहे.

एक किस्सा सांगतो. साल आणि खातं सांगणार नाही. अधिवेशनाचे दिवस होते. हैद्राबाद हाऊसमध्ये, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या नागपुरातल्या सचिवालयात, रात्री नऊला आम्ही दुसऱ्या दिवशीच्या बैठकीच्या कागदांवर बसलो होतो. एका मंत्र्यांचे खाजगी सचिव टिपणी घेऊन आले. एका योजनेला मुदतवाढ हवी होती. वित्त विभागाचे अभिप्राय जोडलेलेच नव्हते. म्हणाले, साहेबांचं बोलणं झालंय, ऐनवेळचा विषय म्हणून घ्या. मी वर विचारलं. उत्तर आलं, ‘टिपणी ठेवून घ्या, कार्यसूचीत नको.’ एवढंच. मी ती कपाटात ठेवली. पुढच्या बैठकीत नाही, त्याच्या पुढच्या बैठकीतही नाही. रोज सकाळी त्या कार्यालयातला इथला शिपाई चहाच्या निमित्ताने डोकावायचा. ‘साहेब, नस्ती अटकली कुठं जी?’ मी म्हणायचो, विचाराधीन आहे. अधिवेशन संपलं, ट्रंका मुंबईला गेल्या, टिपणीही गेली. त्या मंत्र्यांना शेवटपर्यंत कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. भांडायला त्यांच्या हातात काही नव्हतंच. मंत्र्याला काढलं की बातमी होते. मंत्र्याची टिपणी कपाटात राहिली की काहीच होत नाही, आणि तो मात्र दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात स्वतः चहाला येऊ लागतो.

दुसरं हत्यार इतिवृत्त, म्हणजे बैठकीची लेखी नोंद. मंत्रिमंडळात हात वर करून मतदान होताना मी पाहिलं नाही. चर्चा होते, दोघे-तिघे तावातावाने बोलतात, मग मुख्यमंत्री म्हणतात, ‘ठीक आहे, मग असं करू.’ ते ‘असं’ म्हणजे निर्णय. इतिवृत्तात चर्चा जवळपास येतच नाही, निर्णय येतो. ब्रिटनमध्येही हीच रीत आहे. शेवटी पंतप्रधान सार सांगतात आणि तेच मंत्रिमंडळाचं मत ठरतं. जर्मनीत मात्र नियमाप्रमाणे बहुमत मोजता येतं, समान मतं पडली तर चॅन्सेलरचं मत निर्णायक. शिवाय पैशाच्या विषयावर अर्थमंत्र्याने हरकत घेतली तर ती मोडून काढायला चॅन्सेलर बाजूने असावाच लागतो. आपल्याकडे वित्त विभागाचे प्रतिकूल अभिप्राय असूनही विषय पुढे जातात, फक्त ते अभिप्राय कागदावर कायमचे राहतात. पुढे एखादी चौकशी लागली की मगच ते कोणी उघडून बघतं.

तिसरं, मंत्र्याच्या दालनातली माणसं. खाजगी सचिव आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) यांच्या नावांना मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते. नवख्या मंत्र्याला हे क्षुल्लक वाटतं. पण त्याची डायरी, त्याच्याकडे येणारी माणसं, त्याचा शेरा कुठल्या शब्दांत लिहिला जातो, हे सगळं त्या खाजगी सचिवाच्या हातात असतं. २०२५ च्या सुरुवातीला या नावांवरून आपल्या राज्यात जी कुरबुर पेपरात आली, ती वाचून माझ्या बॅचचे लोक गालात हसले.

आता परदेशात जाऊ. आधी जर्मनी, कारण तिथे तुझा प्रश्न राज्यघटनेतच लिहिलेला आहे. त्यांच्या मूलभूत कायद्याच्या ६५ व्या कलमात तीन गोष्टी एकाखाली एक आहेत: धोरणाची दिशा चॅन्सेलर ठरवणार, त्या दिशेच्या आत प्रत्येक मंत्री आपलं खातं स्वतःच्या जबाबदारीवर चालवणार, दोन मंत्र्यांत वाद झाला तर सरकार म्हणून सगळे मिळून ठरवणार. चॅन्सेलर मंत्र्याला रोजच्या कामात ‘हे कर, ते नको’ सांगू शकत नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री कुठलीही नस्ती मागवू शकतो. तिथल्या खात्यांना ते रुचणार नाही.

पहिल्या गोष्टीचा, म्हणजे दिशा ठरवण्याच्या अधिकाराचा, उघड वापर फार क्वचित होतो. १७ ऑक्टोबर २०२२ ला शोल्त्स यांनी तो केला. शेवटच्या तीन अणुभट्ट्यांचं काय करायचं यावरून ग्रीन पक्षाचे मंत्री आणि उदारमतवादी पक्षाचे अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांच्यात जुंपली होती. शोल्त्स यांनी संबंधित मंत्र्यांना सरळ पत्र पाठवलं: तिन्ही १५ एप्रिल २०२३ पर्यंत चालतील, त्यापुढे नाही. पत्र पाळलं गेलं. पण मंत्रालयातल्या माणसाला विचार. ज्या प्रमुखाला आपल्याच मंत्र्यांना लेखी हुकूम पाठवावा लागतो, त्याच्या घरात काय चाललंय? दोन वर्षांनी, ६ नोव्हेंबर २०२४ ला, त्यांनी त्याच लिंडनर यांना काढत असल्याचं जाहीर केलं. ६४ व्या कलमाप्रमाणे अधिकार निर्विवाद होता. पण लिंडनर हे नुसते मंत्री नव्हते, मित्रपक्षाचे अध्यक्ष होते. मंत्री गेला, त्याच्यामागे पक्ष गेला, पक्षाबरोबर बहुमत गेलं.

त्याच घटनेत चॅन्सेलरला एक भक्कम कवच आहे. त्याला पाडायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा ठराव दोन मतांनी पडला. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले, तेवढा एक यशस्वी झाला. म्हणजे जर्मनीत प्रमुखाला पाडणं अवघड, आणि मित्रपक्षाच्या मंत्र्याला काढणंही अवघड. दोघंही एकमेकांना धरून उभे असतात.

जपानची तऱ्हा उलटी. तिथे ६८ व्या कलमाने पंतप्रधान मंत्र्याला हवं तेव्हा काढू शकतो, पण मंत्रिमंडळाचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. एक मंत्री अडून बसला तर दोनच वाटा: विषय सोडा किंवा माणूस सोडा. ८ ऑगस्ट २००५ ला टपाल खासगीकरणाची विधेयकं वरच्या सभागृहात पडली. पंतप्रधान कोइझुमी यांनी खालचं सभागृह विसर्जित करायचं ठरवलं. कृषिमंत्री शिमामुरा सही करेनात. कोइझुमी यांनी त्यांना काढलं, कृषिखातं स्वतःकडे घेतलं आणि कृषिमंत्री म्हणून स्वतःच सही ठोकली. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. पुढच्या महिन्यातली निवडणूक त्यांनी दणक्यात जिंकली. शिमामुरांच्या मागे लिंडनरसारखा पक्ष नव्हता. ते कोइझुमींच्याच पक्षाचे होते. आणि त्या पक्षातले गट मोडायला कोइझुमी बाहेर पडलेच होते.

खातं स्वतःकडे घेण्यावरून आठवलं. आपल्याकडचं मोठं उदाहरण १९६९ चं. इंदिरा गांधींनी १६ जुलैला मोरारजी देसाईंकडचं अर्थखातं काढून घेतलं. त्यांना मंत्रिमंडळातून काढलं नाही. उपपंतप्रधान म्हणून राहा म्हणाल्या. मोरारजींनी राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी, १९ जुलैला, वटहुकमाने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. मंत्र्याला न काढता बाहेर काढायची ही जुनी आणि अस्सल पद्धत: मानाला धक्का लागेल असं खातं द्यायचं किंवा असलेलं काढायचं, बाकी तो स्वतःच करतो. ट्रुडो यांनी फ्रीलंड यांच्याशी तेच केलं. इंदिराबाईंच्या हाती त्याच आठवड्यात बँकांचा निर्णय होता आणि पुढे पक्ष फोडायची तयारी होती. ट्रुडो यांच्या हाती काही नव्हतं.

आणि एक प्रकार ऑस्ट्रेलियातला, ऐकून माझा विश्वासच बसला नव्हता. २०२० आणि २०२१ मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आरोग्य, अर्थ, गृह धरून पाच खात्यांवर स्वतःची नेमणूक करून घेतली. त्या खात्यांचे मंत्री जागेवरच होते आणि त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे बाहेर आलं, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला, आणि अशा नेमणुका प्रसिद्ध करणं पुढे कायद्याने सक्तीचं झालं. आपल्याकडे शपथविधी आणि खातेवाटपाची अधिसूचना राजपत्रात येते, म्हणून अशी चोरी अवघड. राजपत्राला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ऑस्ट्रेलियातच दुसरं टोकही आहे. तिथल्या मजूर पक्षात मंत्री कोण होणार हे खासदारांची सभा निवडते. पंतप्रधान फक्त खाती वाटतो. २००७ मध्ये केव्हिन रड यांनी ही रीत मोडून मंत्री स्वतः निवडले. तीन वर्षांनी, २०१० च्या जूनमध्ये, त्याच खासदारांनी त्यांना एका रात्रीत उतरवलं. नुसती मंत्री निवडल्याची शिक्षा होती असं मी म्हणणार नाही, इतरही कारणं होती. पण नंतर ती निवड पुन्हा सभेकडे गेली, हे खरं.

ब्रिटनबद्दल पुस्तकात भरपूर सापडेल, म्हणून थोडक्यात. १३ जुलै १९६२ ला हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी एका फटक्यात सात मंत्री काढले, मंत्रिमंडळाचा एकतृतीयांश. ताकद दाखवायला केलं आणि घाबरलेला माणूस अशी त्यांची प्रतिमा झाली. मार्गारेट थॅचर तर मंत्रिमंडळाला धाकात ठेवण्यासाठी प्रसिद्ध. २० नोव्हेंबर १९९० ला पक्षातल्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत त्यांना २०४, प्रतिस्पर्ध्याला १५२ मतं. जिंकायला चार मतं कमी पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकेक मंत्री त्यांच्या खोलीत गेला आणि बहुतेकांनी तेच सांगितलं: बाई, आता जमणार नाही. २२ तारखेला राजीनामा. जे अकरा वर्षं समोर मान खाली घालून बसले, त्यांनीच. २०२२ च्या जुलैत बोरिस जॉन्सन यांच्या मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली, तेव्हा तर खाती भरायला माणसं सापडेनात. ब्रिटिश पंतप्रधान मंत्र्याला सहज काढू शकतो, कारण मंत्री त्याचाच असतो. पण पंतप्रधान खासदारांचा असतो, आणि मंत्री खासदारांची नाडी त्याच्याआधी ओळखतात.

आता आपलं. स्वातंत्र्याच्या पहिल्या सहा महिन्यांतच हा वाद झाला होता. १९४७ च्या अखेरीस अजमेरमध्ये दंगल झाली आणि नेहरूंनी पाहणीला आपला अधिकारी पाठवला. गृहखातं सरदार पटेलांकडे. पटेलांना ते लागलं. जानेवारी १९४८ मध्ये दोघांनीही आपापलं म्हणणं लिहून गांधीजींपुढे ठेवलं. नेहरूंचं म्हणणं, पंतप्रधानाला सगळ्या खात्यांत समन्वयासाठी मोकळीक हवी. पटेलांचं म्हणणं, पंतप्रधान समानांमधला पहिला आहे, सहकाऱ्यांवर कुरघोडी करण्याचा अधिकार त्याला नाही. आजही प्रत्येक मंत्रालयात हे दोन कागद वेगवेगळ्या नावांनी फिरत असतात.

मराठी माणसाने विसरू नये असं प्रकरण १९५६ चं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबई वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. शाळेत आपल्याला त्यांचा बाणेदारपणा शिकवतात, तो खराच. पण लोकसभेतल्या निवेदनात त्यांची एक तक्रार कामकाजाची होती: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही. नेहरूंनी ते मान्य केलं नाही. मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला ते तांत्रिक वाटलं होतं. कार्यसूची हाताळायला लागल्यावर कळलं की देशमुख मुद्द्यावरच बोट ठेवत होते.

कारण मंत्रिमंडळ टाळायची एक कायदेशीर वाटही आहे. केंद्राची कामकाज नियमावली १९६१ ची. तिच्या १२ व्या नियमाने पंतप्रधान गरजेप्रमाणे नियमांपासून फारकत घेऊ शकतात. मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून, म्हणजे आपल्या भाषेत कार्योत्तर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली ती याच वाटेने. मंत्र्यांना बोलावलं दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणूनच १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ३५२ व्या कलमात अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये. गंमत बघ, आपल्या संविधानात सगळीकडे मंत्रिपरिषद आहे. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द या एकाच ठिकाणी, आणि तोही ठेच लागल्यावर आला. परीक्षेत हे विचारतात. पण कवच आहे ते फक्त त्या कलमापुरतं. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली गेली, तीही बाराव्या नियमानेच. त्या सकाळी मी नागपुरात तर्री पोह्याची पहिली प्लेट हातात घेऊन टीव्हीसमोर उभा होतो. राजभवनातला शपथविधी संपलेला होता. आजूबाजूचे लोक विचारत होते हे कसं झालं, आणि मला मात्र रात्रीतून धावलेली ती नस्ती दिसत होती.

आघाडी सरकारांत ‘मंत्री कोणाचा’ याचं उत्तर सगळ्यांत उघडं पडतं. २०११ मध्ये आसामात रेल्वे अपघात झाला. ममता बॅनर्जींच्या तृणमूल काँग्रेसचे रेल्वे राज्यमंत्री मुकुल रॉय यांना पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिथे जायला सांगितलं. ते गेले नाहीत. फेरबदलात रेल्वे त्यांच्याकडून गेली. पुढच्या मार्चमध्ये, १४ तारखेला, त्याच पक्षाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ केली. पंतप्रधानांना ती मान्य होती, ममता बॅनर्जींना नव्हती. चार दिवसांत त्रिवेदी गेले. त्यांच्या जागी आले मुकुल रॉय! पंतप्रधानांचं ऐकणारा गेला आणि न ऐकणारा बढती घेऊन आला. दोन्हीवर सल्ला म्हणून सही पंतप्रधानांचीच.

नेदरलँड्समध्ये हे लपवतही नाहीत. तिथे पंतप्रधान मंत्र्याला काढू शकत नाही; पक्षांनी करार करून वाटून घेतलेल्या खुर्च्या, ज्याची त्याने सांभाळायची. २०२४ मध्ये तर त्यांनी कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस, दिक स्खोफ, पंतप्रधान केला. जून २०२५ मध्ये सगळ्यांत मोठा पक्ष बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. स्खोफ यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

आपलं महाराष्ट्राचं चित्र आता या सगळ्यांच्या मधोमध आहे. २०२५ च्या जानेवारीत पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती आली. पालकमंत्री हे पद संविधानात नाही, ते पूर्णपणे मुख्यमंत्र्यांच्या हातातलं. तरीही. म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला, ताकदवान कोण याला, मी देशाचं नाव सांगणार नाही. एका पक्षाचं बहुमत असलेला आणि तिकीटवाटप स्वतःच्या हातात असलेला भारतीय पंतप्रधान ब्रिटिश पंतप्रधानापेक्षा जबर असतो, कारण इथे पक्षांतरबंदीमुळे खासदार त्याला लंडनसारखे उतरवू शकत नाहीत. तोच माणूस आघाडीत गेला की डच पंतप्रधानाच्या जवळ जाऊन बसतो. संविधानाचा एक शब्दही न बदलता.

आता १५ डिसेंबर २०२४ च्या शपथविधीची बेरीज कर. मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री आणि ३९. झाले ४२. मर्यादा ४३ ची. पेपरवाल्यांनी ‘एक जागा रिक्त’ असं शेवटच्या परिच्छेदात छापलं. मी नोकरीत असताना एका जुन्या सचिवांनी मला सांगितलं होतं की पूर्ण भरलेलं मंत्रिमंडळ करणारा मुख्यमंत्री कच्चा. जे मंत्री झाले ते एव्हाना आपापल्या नेत्यांचे झालेले असतात. त्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत पंचवीस आमदार रोज सकाळी रामगिरीच्या, मुख्यमंत्र्यांच्या इथल्या बंगल्याच्या, फाटकापाशी उभे असतात, आणि ते सगळे मुख्यमंत्र्यांचे असतात.